बन्सीच्या दोरीचं उघडं बोट

१

सकाळी साडेसातला दुधासाठी मी आमच्या वस्तीवरल्या छबूबाईच्या गोठ्यात पाऊल टाकलं आणि तसाच मागं सरलो. चारही गाया आडव्या झाल्या होत्या. तोंडाला फेस, डोळे सताड उघडे. एकीचा मागचा पाय अजून झटके देत होता, तोही माझ्या देखत थांबला. हौदातल्या पाण्याला इतका उग्र वास येत होता की मला पंचा नाकाला लावावा लागला. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं काढली, पाण्यातून वाहून आलेलं काय काय पाहिलं. पण पाण्यानंच चार जीव आडवे केलेले कधी पाहिले नव्हते. 

"आबा, काकू कुठंयत?" मागून सूनबाईंचा आवाज आला.

सूनबाई म्हणजे आमची अश्विनी. गावची पोलीस पाटील, आणि उरलेल्या वेळात वस्तीभरच्या बायांचे ब्लाऊज शिवते. मी तिला घरात 'फौजदारीणबाई' म्हणून चिडवतो. त्या दिवशी मात्र चिडवायचं सुचलं नाही, कारण गोठ्यात छबूबाई नव्हती. चूल पेटलेली, चहाचं पातेलं चुलीवर, दुधाची चरवी दारात कलंडलेली, आणि बाईचा पत्ता नाही.

तेवढ्यात बिभीषण पळत आला. बिभीषण आमच्या शेजारचा, कांदा पिकवतो. "आबा, छबूकाकी वरच्या रस्त्याला पडली हुती! वकाऱ्या करत हुती. अझहरनं टेम्पोत घातली आन नगरला घेऊन गेला."

"वरच्या रस्त्याला?" अश्विनीनं विचारलं.

"व्हय. बन्सीच्या घराच्या अलीकडं."

 अश्विनी मला हळूच म्हणाली, "आबा, माणसाला विष चढलं तर ते मदतीला धावतं. काकूंचा थोरला मुलगा कानिफनाथ खाली राहतो. डांबरी रस्ता खाली. दवाखाना खाली. मग काकू अर्धा किलोमीटर चढ चढून वर कशाला गेल्या?"

वर तर फक्त बन्सीचं घर होतं. आणि बन्सीला दीड वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला. त्याला धड बोलताही येत नाही.

२

आमची वस्ती राहुरीपासून लांब, मुळा धरणाच्या फुगवट्याच्या अंगाला. टेकडीवर एक टाकी आहे. धरणातलं पाणी मोटारीनं टाकीत चढतं आणि तिथून जमिनीखालच्या पाईपातून आपसूक उतरत पाच घरांच्या शेतात-हौदांत जातं. पाच घरं म्हणजे बिभीषण, मी, अझहर, कानिफनाथ आणि त्याची आई छबूबाई. तिचा धाकटा मुलगा आदिनाथ यात नाही. वाटणीत त्याला खडकाळ तुकडा आला. त्यालाही टाकीचं पाणी द्यावं का यावर गावबैठकीत कानिफनाथच सगळ्यात मोठ्यानं "न्हाई" म्हणाला होता. आहे त्या पाच घरांनाच पाणी पुरत नव्हतं, त्यामुळे आम्हीही माना डोलावल्या. आदिनाथनं मग बोअर घेतलं.

आदल्या संध्याकाळी वाऱ्यानं तारा तुटल्या होत्या आणि पूर्ण वस्तीची लाईट गेलेली होती. टाकीत पाणी चढलं नव्हतं. जे होतं ते सकाळी सातच्या सुमाराला संपलं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुपारपर्यंत फौजदार आले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणी अळीवर सोडतात ते औषध हौदात उतरलंय. कानिफनाथ रडतही होता आणि ओरडतही होता. त्यानं अझहरच्या बांधावरून त्याच औषधाचा रिकामा डबा उचलून आणला आणि सगळ्यांसमोर आपटला.

"ह्यानं मारल्या माज्या आईच्या गाया! ठिबकातून औषध सोडलं आन पाईपात उलटं येऊ दिलं!"

अझहर नुकताच नगरहून परतला होता. सदऱ्यावर छबूबाईच्या ओकारीचे डाग तसेच होते. "कानिफदादा, डबा माजाच हाय," तो म्हणाला, "पन मी परवा पाठीवरच्या पंपानं सोडलंय. पाईपात न्हाई. गौहरला इचारा."

"बायको काय, तुज्याच बाजूनं बोलनार!"

फौजदार माझ्याकडं वळले. "तुम्ही खात्यातले. ही पाईपलाईन कुठून कुठं जाते, नकाशा आहे का?"

नकाशा नव्हता. होती ती बन्सीची दोरी. बावीस वर्षांपूर्वी ही सगळी पाईपलाईन बन्सीनं टाकली. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं नायलॉनच्या दोरीवर सगळं बांधून ठेवलं. टाकीच्या टोकापासून वाचायची. जिथं पाईप दोन हातांत फुटतो तिथं एक गाठ. जिथं हात कुणाच्या शेतात संपतो तिथं त्या घरच्या सदऱ्याचं एक बटण, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. गाठीनंतर आधी डाव्या हाताचं सगळं येतं, मग उजव्या हाताचं. छबूबाई विधवा, तिच्याकडं सदरा नव्हता, म्हणून तिनं किल्ल्यांच्या जुडग्यातली पितळी कडी दिली होती.

बिभीषणानं बन्सीच्या घरून दोरी आणली आणि मी मोठ्या रुबाबात ती फौजदारांसमोर धरली. "बघा साहेब. चार बटणं, एक कडी. पाच घरं, पाच तोंडं. बिभीषणाचं रान मोकळं आहे. माझी लिंबं, त्यांना हुमणी लागत नाही. कानिफचा ऊस कारखान्याला गेला. छबूबाई स्वतः आजारी. उरला अझहर. आणि त्याचं तोंड तिच्या वरच्या अंगाला, त्याच हातावर आहे."

तेहतीस वर्षांचा अनुभव बोलत होता. सगळ्यांनी मान डोलावली. अझहरनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग तो फौजदारांच्या गाडीत बसला.

जाताना फौजदार म्हणाले, "आज चौकशी. उद्या सकाळी अकराला गुन्हा दाखल करतो. बाई गेली तर कलम वाढेल."

गाडी दिसेनाशी झाल्यावर अश्विनीनं माझ्या हातातून दोरी घेतली. तिनं ती एकदा बोटांतून फिरवली आणि तिचा चेहराच उतरला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही बटणं मोजलीत. गाठी मोजल्यात का?"

३

गाठी पाच होत्या. मग काय झालं? पाच गाठी, पाच घरं. मला तर हिशेब अगदी छान जुळलेला दिसत होता.

"मला शिवणकामात एवढं कळतं," ती म्हणाली, "कापड एकदा कापलं तर दोन तुकडे होतात. पाचदा कापलं तर सहा."

"पाईप म्हणजे काय परकर आहे का?" मी चिडून बोललो.  फौजदारांपुढं इतकं ठासून बोललो होतो, ते माघारी घ्यायचं कुणाच्या जिवावर आलं नसतं?

तिनं दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. "आधी माणसांना विचारू," म्हणाली.

आदिनाथ आईच्या गोठ्यात गायांवर पोती टाकत होता. पंचविशीचा, अबोल पोरगा. डोळे सुजलेले.

"आदिनाथ, सकाळी तू कुठं होतास?"

"रानात. उसाला ठिबक लावून बसलो हुतो. सातला पानी बंद पडलं तवा घरला आलो. तवर हे झाल्यालं." त्यानं पोतं नीट केलं. "मला आदी कळलं असतं तर..."

"आईकडं दवाखान्यात जाणार ना?"

"आत्ताच निघतो."

आम्ही बाहेर पडलो. मला त्या पोराची कीव आली. भाऊ पाणी देत नाही, आई दवाखान्यात. तरी पठ्ठ्यानं उन्हाळ्यातही खडकावर हिरवागार ऊस उभा केलेला. मी तसं बोलूनही दाखवलं.

अश्विनी थांबली. "आबा, काल संध्याकाळपासून लाईट कधी आली?"

"अजून कुठं आलीये! तारा तुटल्यात ना."

"मग त्याचं बोअर कशावर चालत होतं?"

 मे महिन्यात तासाभरात दम सोडणारं बोअर, लाईट नसताना सकाळी सातपर्यंत चालत होतं. पाण्याच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कानावर हे पडलं, आणि त्याला खटकलंसुद्धा नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

"पण म्हणून त्याच्याकडं टाकीचं पाणी येतं असं होत नाही," ती म्हणाली. "त्याच्याकडं डिझेल इंजिन असेल. आपल्याला दोरीनंच सांगायला पाहिजे. आता अंधार पडेल, उद्या उजाडताच बन्सीकाकांकडं जाऊ."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा बन्सी खाटेवर उताणा पडला होता. उजवी बाजू गेलेली, डावा हात तेवढा हलतो. आम्हाला बघून त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काल सकाळपासून असंच रडत्यात," बनुबाई म्हणाली. ती बन्सीची बायको. "घास घेत न्हाईत. म्या म्हनलं, गायांचं कळलं असंल. पन गायांचं कळायच्या आदीपास्नं रडत्यात."

अश्विनीनं दोरी त्याच्या समोर धरली. बन्सीनं डावा हात वर केला आणि एकच बोट ताठ उभं केलं.

"हे काय?" मी विचारलं.

"टाकीचं तोंड," बनुबाई सहज म्हणाली. "असंच वाचायची हाय ती. तुमाला न्हाई ठाव? ह्यांनी तुमालाबी शिकवतो म्हनलं हुतं की."

म्हणाला होता. बावीस वर्षांपूर्वी. मी म्हणालो होतो, बन्सी, आम्ही सरकारी नकाशे वाचणारी माणसं, दोऱ्या काय वाचायच्या!

बनुबाईनं समजावून सांगितलं. पाईप टाकताना जेवढी तोंडं उघडी असतील तेवढी बोटं उघडी. सुरुवातीला टाकीचं एक तोंड, एक बोट. गाठ आली की एका तोंडाची दोन होतात, म्हणजे एक बोट वाढवायचं. बटण आलं की एक तोंड कुणाच्या तरी कॉकनं बंद झालं, म्हणजे एक बोट मिटायचं.

"दोरी सपली की मूठ मिटाया पायजे," ती म्हणाली. "मूठ मधीच मिटली आन म्होरं दोरी उरली, तर दोरी खोटी. दोरी सपली आन बोट उरलं, तरीबी खोटी. उघड्या तोंडातनं पानी जातंय कुठंतरी, असं म्हनायचे हे."

अश्विनी वाचू लागली. बन्सीचा हात तिच्याबरोबर हलत होता.

"गाठ." दोन बोटं. "गाठ." तीन. "बिभीषणभाऊंचं बटण." दोन. "आबांचं बटण." एक. "गाठ." दोन. "अझहरभाईंचं." एक. "गाठ." दोन. "कानिफदादांचं." एक. "गाठ." दोन. "काकूंची कडी."

एक.

दोरी संपली. बन्सीचं बोट तसंच उभं राहिलं. तो ते मिटेना. मी त्या बोटाकडं बघत राहिलो. जमिनीखाली एक सहावं तोंड होतं. पाच घरांची पाच तोंडं म्हणून मी एका माणसाला गाडीत बसवून दिलं होतं, आणि तोंडं सहा होती!

"काका," अश्विनीनं विचारलं, "एक बटण कुणीतरी काढलंय?"

बन्सीनं डोळे घट्ट मिटले आणि मान हलवली. होय.

५

"कुठलं काढलं हे तरी कळणार का?" मी विचारलं. 

"वरच्या चारही गाठींचे चेंबर, म्हणजे पाईप फुटतो तिथले जमिनीतले खड्डे, आपण पाहिलेत. गळती झाली तेव्हा उकरले होते. तिथं दोन्ही हात कुणाकुणाचे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि दोरीही तेच सांगते. राहिला शेवटचा, काकूंच्या बांधाखालचा. तो कुणीच उकरलेला नाही. त्याचा एक हात काकूंकडं जातो. दुसऱ्याचं तोंड उघडं आहे."

"म्हणजे आदिनाथ!"

"थांबा, आबा. टाकीकडून उतरताना त्या चेंबरच्या डाव्या अंगाला आदिनाथचा खडक आहे. उजव्या अंगाला काय आहे?"

 उजव्या अंगाला अझहरचा खालचा पट्टा होता. त्यातही ऊस.

म्हणजे हरवलेलं बटण कडीच्या आधी असेल तर डावा हात, आणि अझहर सुटला. कडीच्या नंतर असेल तर उजवा हात. मग अझहरनं चोरून दुसरं तोंड घेतलं असं ठरणार, आणि तो कायमचा अडकणार. सहावं तोंड सापडलं म्हणून मी मनात देवाला हात जोडले होते, ते तसेच राहिले.

अश्विनीनं दोरी खिडकीपाशी उजेडात नेली. आधी शेवटचं टोक पाहिलं. नायलॉन उसवू नये म्हणून बन्सीनं ते काडीनं जाळून गोळा केलेलं होतं. जुना, मळून काळा झालेला गोळा, आणि पितळी कडी त्याला अगदी खेटून शिवलेली. मधे तांदळाचा दाणाही मावला नसता.

"कडीनंतर काही नव्हतं. बावीस वर्षांत कधीच नव्हतं," ती म्हणाली. मग तिचं बोट गाठ आणि कडी यांच्या मधल्या जागेवर थांबलं. तिथं दोरीचा रंग थोडा उजळ होता, आणि काळ्या दोऱ्याचे चार बारके तुकडे अडकलेले. तिनं ते डोळ्यांजवळ नेले.

"कात्रीनं कापलेला दोरा सरळ असतो. हा चेंगरून चपटा झालाय. दातानं तोडलाय. मी स्वतः दिवसातून पन्नासदा तोडते, म्हणून कळतं." ती बनुबाईकडं वळली. "काकू, काल सकाळी इथं कोण आलं होतं?"

"छबू आल्ती," बनुबाई म्हणाली. "लई धापा टाकीत हुती. म्या पानी आनाया आत गेले. आले तर छबू गेलेली, आन हे रडत हुते."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुनी इचारलं कुठं?"

 मघापासून मी चोर शोधत होतो. बाहेरचा, घरचा, दाढीवाला, बिनदाढीचा, कुणीही. ज्या बाईच्या गाया मेल्या, जिच्या पोटात विष गेलं, तिनंच दातानं बटण तोडलं असेल हे माझ्या मनाला कसं शिवावं?

"चहातून विष पोटात गेलं, तेव्हा त्यांना वासावरून कळलं," अश्विनी हळू आवाजात म्हणाली. "पाणी कुठून आलं ते त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. त्यांनीच दिलं होतं ना आदिनाथला, सगळ्यांच्या चोरून. मरता मरता त्या दवाखान्यात नाही गेल्या. वर आल्या, पोराचं नाव पुसायला."

"पण पुरावा? दोऱ्याच्या चार तुकड्यांवर फौजदार अझहरला सोडणार आहे का?"

"नाही. बटण पाहिजे," ती म्हणाली. "आणि काकूंना टेम्पोत कुणी नेलं, आबा?"

६

अझहरच्या दारात उभं राहायची मला हिंमत होत नव्हती. त्याची बायको गौहर बाहेर आली. रात्रभर ती झोपली नव्हती हे दिसत होतं. तरी तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो घेतला.

"गौहर, छबूकाकूंची काही वस्तू टेम्पोत राहिली का?" अश्विनीनं विचारलं.

"चंची राहिली ना. दवाखान्यात लुगड्याची कनवटी सोडली तवा पडली. ह्यांनी आनून दिली, म्हनले, काकी आल्या की द्यायची."

खुंटीवर अझहरचा धुतलेला सदरा होता आणि त्याच खुंटीला छबूबाईची पानतंबाखूची चंची टांगलेली होती. अश्विनीनं ती माझ्यासमोर उघडली. सुपारीची खांडं, चुन्याची डबी, तंबाखू. आणि तळाशी एक पांढरं बटण, त्याच्या भोकांत अजून काळा दोरा.

 ज्या बटणानं अझहर सुटला असता, ते कालपासून त्याच्याच घरात, त्याच्याच सदऱ्याशेजारी लटकत होतं.

"तू उघडून बघितली नाहीस?" मी कसंबसं विचारलं.

"दुसऱ्या बाईची चंची, आबा," गौहर म्हणाली. "आमी कशी उघडनार?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. अकराला गुन्हा दाखल होणार होता. अश्विनीनं फौजदारांना फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "साहेब, अझहरभाईंना घेऊन नगरच्या दवाखान्यात या. काकू शुद्धीवर आल्यात."

७

छबूबाई खरंच शुद्धीवर आली होती. नळ्या लावलेल्या, चेहरा राखेसारखा. उशाशी कानिफनाथ, पायाशी आदिनाथ. आम्ही शिरलो तेव्हा कानिफनाथ तिला सांगत होता, "तू काळजी करू नको, आई. त्या अझहरला मी सोडत न्हाई. जल्मभर सडवतो."

छबूबाईच्या डोळ्यांत गोंधळ दिसला. "अझहरला? त्यानं काय केलं?"

"त्यानंच तर औषध..."

"त्यानं मला उचलून आनली," ती पुटपुटली. तेवढ्यात दारात फौजदार आले आणि त्यांच्या मागं अझहर. वाढलेली दाढी, अंगावर तोच डागाळलेला सदरा. छबूबाई त्या डागांकडं बघत राहिली. आपल्यामागं काय घडलं हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचे ओठ निळे पडले. परिचारिका पुढं धावली.

अश्विनीनं तिच्या हातात दोरी दिली. काही विचारलं नाही, आरोप केला नाही. फक्त हळूहळू वाचत गेली आणि स्वतःची बोटं उघडत, मिटत गेली. शेवटी एक बोट राहिलं. मग तिनं चंचीतलं बटण पांढऱ्या चादरीवर ठेवलं.

 म्हातारीनं एकदा आदिनाथकडं पाहिलं, एकदा अझहरकडं. एकाला वाचवायचं तर दुसरा जाणार होता. तिनं तोंड उघडलं.

"आई, तू नको बोलू." आदिनाथ उठून उभा राहिला होता. "बटन माजंय. माज्या शाळंच्या शर्टाचं."

कानिफनाथ त्याच्याकडं बघतच राहिला.

"तीन वर्सांपूर्वी आईनं तिच्या वाट्यातनं मला तोंड दिलं. बन्सीकाकानं टाकलं, त्यो धडधाकट हुता तवा," तो बोलत होता आणि डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. "काल सकाळी उसाला हुमनीचं औषध ठिबकातनं सोडलं. लाईट न्हवती, टाकी सपत आल्ती, ते माज्या डोक्यातच आलं न्हाई. पानी बंद पडलं आन पिपातलं औषध एकदम खाली गेलं. मला वाटलं, ऊस पिला. पाईपानं उलटं ओढून घेतलं आन खाली आईच्या हौदात सोडलं. गोठ्यात गेलो तवाच वासावरनं कळलं मला. अझहरभाईला नेलं तवाबी कळत हुतं. मी तोंड उघडलं न्हाई."

त्यानं अझहरकडं पाहून हात जोडले.

 अझहर खाटेजवळ गेला. "काकी, कसं वाटतंय आता?" त्यानं विचारलं, आणि छबूबाईनं चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीखालून तिचं हुंदके देणं ऐकू येत होतं. मी तेहतीस वर्षं लोकांची भांडणं ऐकली. माणसाला इतकं शरमलेलं पाहिलं नाही. नाही, पाहिलं. त्याच खोलीत, माझ्याच रूपानं.

फौजदार आदिनाथला बाहेर घेऊन जात होते, तेव्हा अश्विनीनं छबूबाईला हळूच विचारलं, "काकू, एक सांगा. बटण काढलंत, पण गाठ तशीच ठेवलीत. बटणाबरोबर ती गाठही सोडली असती तर मूठ बरोबर मिटली असती. मला कधीच कळलं नसतं."

 खरंच होतं ते. एक गाठ आणि एक बटण, दोन्ही गेलं असतं तर दोरी खरी ठरली असती. पाच घरं, पाच तोंडं, आणि माझी साक्ष.

छबूबाईनं चादर खाली केली. "सोडत हुते," ती म्हणाली. "मला म्हाईत हुतं. बन्सीनं माज्यासमोर बांदली हुती. बटन तोडलं आन गाठीला नख लावलं, तर बन्सीनं ती डाव्या मुठीत धरली. बोलता येत न्हाई त्याला. नुसता रडत हुता आन मान हलवत हुता. म्या लई ओढली. न्हाई सोडली त्यानं."

आठवड्यानं छबूबाई घरी आली. आदिनाथवर निष्काळजीपणाचा गुन्हा आहे, तो जामिनावर सुटला. शेवटचा चेंबर आम्ही उकरला, उलटं पाणी येऊ नये म्हणून झडप बसवली, आणि गावबैठकीत सहावं तोंड सगळ्यांदेखत लावून घेतलं. कानिफनाथ या वेळी "न्हाई" म्हणाला नाही. अश्विनीनं बटण काळ्या दोऱ्यानं जागच्या जागी शिवलं आणि आम्ही सगळे बन्सीच्या खाटेभोवती बसलो.

दोरी मी वाचली. बावीस वर्षं उशीर झाला होता. बन्सीची बोटं उघडत गेली, मिटत गेली, आणि कडी आली तशी त्याची मूठ गच्च मिटली. मग तो हसला, अर्ध्या तोंडानं.

अझहर माझ्या शेजारीच बसला होता. माझीही मूठ मिटलेली होती. ती तशीच त्याच्यापुढं धरून मी माफी मागायला शब्द शोधत राहिलो, एकही सापडेना.

"आबा," तो म्हणाला, "चहा गार व्हतोय. घ्या आदी."

मी मूठ उघडली आणि त्याच्या हातून कप घेतला.